तांबेऱ्याला विचारा संशोधनाचा उपयोग

'सरकारी विद्यापीठांतल्या संशोधनावरचा खर्च म्हणजे नुसती कागदं छापणं' हे विद्यापीठांच्या संशोधनाला नावं ठेवणाऱ्या एका लेखातलं वाक्य निपाणी-चिकोडीकडच्या सोयाबीनवाल्याला सांगून बघा. आमच्या कृष्णाकाठच्या पट्ट्यात पावसाळा लांबला, हवा कोंदट झाली की सोयाबीनवर तांबेरा हा बुरशीचा रोग येतो. पानाखाली तांबूस भुकटी, आठ-पंधरा दिवसांत पानं गळून शेंगा पोचट. औषध मारत बसायचं, दुसरं काय! धारवाडच्या कृषी विद्यापीठानं डीएसबी २१ ही तांबेऱ्याला दाद न देणारी जात काढली, तेव्हा त्या फवारणीवरचा खर्च वाचण्याची वाट झाली. आता हे शोधनिबंध छापणाऱ्या जर्नलच्या कुठल्या आकड्यात मोजणार? असली जात तयार व्हायला वर्षानुवर्षं हंगाम जातात, आणि अनुदान मागताना मात्र तीन वर्षांत निकाल दाखवा म्हणतात.

पैशाचं म्हणाल तर देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो (२०२०-२१). संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्राच्या संस्थेचे, अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचे, ५०,००० कोटी म्हणून गाजावाजा झाला, त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. कंपनी पैसा घालणार तो जिथं परतावा दिसतो तिथं. दरवर्षी विकत घ्यावं लागणारं औषध तिला परवडतं, घरचंच बी राखून पेरता येणारी जात कशाला परवडेल?

बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठासारखी २०१० पासूनची नवी विद्यापीठं तर या पैशाच्या रांगेत पार मागं. आधी प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरा, मग संशोधनाचा प्रभाव मोजायला या.