सावकारी करा, पण भिंती रंगवून घ्या

पैसा बख्खळ झाला, वाडा झाला, गावातले मोठे लोक जेवायला येऊ लागले, तरी पाठीमागे कोणीतरी "सावकार" म्हणतंच? मग पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याचा कित्ता गिरवा.

आधी पेढी. जोवान्नी दी बिच्चीने ती १३९७ मध्ये काढली, तेव्हा व्याज घेणं चर्चच्या लेखी महापाप होतं. तुम्ही व्याज घेऊच नका. एका शहरात पैसे द्या, हुंडी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या चलनात वटवा आणि मधला फरक गल्ल्यात टाका. याला हुंडणावळ म्हणतात. व्याज म्हणणाऱ्याला हिशेबातलं काही कळत नाही, असं समजून पुढे चला. गिऱ्हाईक मात्र पारखून धरा. मेदिचींनी पोपच्या दरबाराचंच खातं धरलं होतं.

एवढं करूनही मन खातंच. जोवान्नीच्या मुलाचं, कोसिमोचंही खात होतं. त्याने पोप चौथ्या युजीनला उपाय विचारला. त्या काळचा पुस्तकविक्रेता वेस्पासियानो सांगतो, की पोपने सान मार्कोच्या मठावर दहा हजार फ्लोरिन खर्चायला सांगितले आणि कोसिमोने चाळीस हजारांच्या वर घातले. (सांगितल्याच्या चौपट प्रायश्चित्त माणूस उगाच घेत नाही. त्याचा हिशेब त्यालाच ठाऊक.) पोपचं फर्मान मग मठातच संगमरवरावर कोरून घेतलं. दान गुप्त असावं हे खरं, पण पावती दिसेल अशा जागी लावावी.

मठातल्या साधूंच्या खोल्यांमध्ये फ्रा अँजेलिको आणि त्याच्या हाताखालच्यांनी भित्तिचित्रं काढली. साधूला एक खोली. कोसिमोही अधूनमधून विरक्त व्हायला तिथे जाई, म्हणून त्याला दोन खोल्या. विरक्तीलाही ऐसपैस जागा लागते. आत चित्र कशाचं? बाळ येशूपुढे नजराणे घेऊन आलेल्या राजांचं. विषय नीट बघून ठेवा, कारण तुमच्या उपयोगाचा आहे. बायबलमध्ये श्रीमंतांचा मान राहील असे प्रसंग फार नाहीत. शिवाय फ्लॉरेन्स गणराज्य होतं. कोसिमोच्या डोक्यावर मुकुट नव्हता, कारभार तेवढा त्याच्या मुठीत होता. अशा माणसाने चित्रात राजा व्हावं, आणि तेही गुडघ्यावर बसून.

पुढची पायरी अवघड, पण ती जमली की तुम्ही जिंकलात. बोत्तिचेल्लीने १४७५ च्या सुमारास हाच प्रसंग रंगवला. त्यात येशूच्या पावलांशी वाकलेला म्हातारा राजा म्हणजे कोसिमो, बाकीचे दोघे त्याचे मुलगे. तिघेही तोवर वारलेले. आणि पैसे मेदिचींनी दिलेच नाहीत! दिले गास्पारे देल लामा नावाच्या एका सराफाने, बड्यांच्या नजरेत भरावं म्हणून. बिचाऱ्याने स्वतःच्या प्रार्थनामंदिरासाठी, स्वतःच्या खर्चाने, दुसऱ्याच्या घराण्याला राजवस्त्रं चढवली. स्वतः गर्दीत उभा आहे, शोधावा लागतो.

एखादं चित्र डोळ्यांत भरलं आणि मालक विकेना, तर कोसिमोच्या नातवाकडे, लोरेन्झोकडे बघा. उच्चेल्लोने रंगवलेली सान रोमानोची लढाई बार्तोलिनी भावांच्या मालकीची. एकाने आपला हिस्सा दिला, दुसरा अडून बसला. त्याचा हिस्साही शेवटी मेदिचींच्या वाड्यात आलाच. रसिकतेपुढे नकार टिकत नाही. पुढे त्याने तक्रार केली, पण ती घराणं शहराबाहेर गेल्यावर. त्यालाही शहाणपण होतंच.

जमाखर्च लोरेन्झोकडूनच शिका. त्याने लिहून ठेवलंय, की १४३४ ते १४७१ या काळात घराण्याने इमारती, दानधर्म आणि कर मिळून ६,६३,७५५ फ्लोरिन खर्च केले. तीन बाबी, बेरीज एकच. सरकारला किती गेले नि देवाला किती, हे नातवंडांना विचारता येऊ नये.

पेढीची फार काळजी करू नका. राजेरजवाड्यांना दिलेली कर्जं बुडाली, लंडन आणि ब्रुजच्या शाखा गेल्या, १४९४ मध्ये पेढीही आटोपली. त्याच वर्षी लोकांनी मेदिचींना हाकललं आणि पुढच्या वर्षी वाड्यातली, दोनातेल्लोने घडवलेली ज्युडिथची मूर्ती, जुलमी सेनापतीचं मुंडकं उडवणारी, उचलून सरकारी वाड्यापुढे उभी केली. खाली लेख कोरला, की हा जनतेच्या कल्याणाचा दाखला आहे. मूर्तीचा खर्च मेदिचींचा, धडा मेदिचींना. असं होतं कधीकधी. मनाला लावून घेऊ नका.

१५१२ मध्ये घराणं परतलं, आणि पुढच्याच वर्षी लोरेन्झोचा मुलगा दहावा लिओ म्हणून पोप झाला. मन खाल्लं तर उपाय विचारायला आता घराबाहेर जायचीही गरज उरली नाही.