भट्टी विझली म्हणून धोका विझत नाही

सध्या एक मजकूर खूप फिरतोय: धातू-सेंद्रिय संयुगं (धातूला कार्बनचे गट जोडलेले रेणू) द्रावकात मिसळा, दोनशे-तीनशे अंशांपर्यंत तापवा, सेमीकंडक्टरची भुकटी तयार. तापमान कमी म्हणून पद्धत सुरक्षित, माल शुद्ध, आणि चिपच्या भट्ट्या लवकरच इतिहासजमा. अशा भुकट्या मी स्वतः केल्या आहेत. या पद्धतीवर माझा जीव आहे, म्हणूनच तिच्या नावावर खपवलेलं हे पटत नाही.

‘तापमान कमी, म्हणून सुरक्षित.’ साफ चूक. गॅलियम आर्सेनाइड या सेमीकंडक्टरचा वितळणबिंदू 1,238 अंश सेल्सिअस. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात रिचर्ड वेल्स यांच्या गटाने वितळवण्याची गरजच टाळली. एकीकडे गॅलियम क्लोराइड, दुसरीकडे तीन ट्रायमिथाइलसिलिल (सिलिकॉन असलेले) गट जोडलेलं आर्सेनिक. सिलिकॉनला क्लोरीनची ओढ इतकी, की तो गॅलियमवरचा क्लोरीन काढून घेतो. त्यातून होणारं ट्रायमिथाइलक्लोरोसिलेन 57 अंशांनाच उकळून निघून जातं. मागे गॅलियम आणि आर्सेनिक एकमेकांना धरून राहतात. भट्टीचं काम रेणूच्या बांधणीतच आधी करून ठेवलेलं असतं. पण तोच आर्सेनिकचा रेणू हवा लागताच पेट घेतो, आणि विषारी आहे ते वेगळंच. डायमिथाइल कॅडमियमही त्याच जातीचं. 1993 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात मरे, नॉरिस आणि बावेंडी यांनी त्यापासून सुमारे 300 अंशांवर कॅडमियम सेलेनाइड या सेमीकंडक्टरचे सुंदर एकसारखे नॅनोकण केले; 2001 मध्ये त्याच्या जागी साधं कॅडमियम ऑक्साइड वापरता येतं हे दाखवलं गेलं, तेव्हा अनेक प्रयोगशाळांनी सुटकेचा श्वास सोडला असेल.

‘माल शुद्ध.’ फ्लास्कमधून निघालेली गॅलियम आर्सेनाइडची भुकटी तपकिरी-काळपट असते. क्ष-किरण विवर्तनात (स्फटिकाची रचना तपासणाऱ्या चाचणीत) तिच्या आलेखाची शिखरं उंच, टोकदार येत नाहीत, बसक्या टेकड्यांसारखी पसरतात. कण काही नॅनोमीटरचेच असतात. सेंद्रिय भागातला कार्बन आत अडकलेला असतो. मग स्फटिक नीट वाढावेत म्हणून हीच भुकटी पुन्हा तापवावी लागते, म्हणजे भट्टी आलीच.

‘चिपच्या भट्ट्या बंद.’ चिपला अखंड एकस्फटिकी चकती लागते. भुकटीत कणाकणाला सीमा असते. तिची जागा पडद्यांमधल्या क्वांटम डॉटची (प्रकाश देणाऱ्या नॅनोकणांची), प्रकाश देणाऱ्या लेपांची, आणि तिथे ती उत्तम काम करते.

एक मात्र मान्य. सगळीच संयुगं पेटणारी नसतात. रबर उद्योगात सर्रास वापरलं जाणारं झिंक डायइथाइल डायथायोकार्बामेट हवेत टिकणारी पांढरी भुकटी आहे. जस्त आणि गंधक त्यात आधीच जोडलेले असतात, तापवलं की झिंक सल्फाइड उरतं. तेही धूर ओढणाऱ्या कपाटातच करावं. निघणारे गंधकयुक्त वायू विषारी असतात.