मेगापिक्सेल राहू द्या, फोन लागतो का ते सांगा!

नव्या पेठेत स्वस्तातला फोन बघायला गेलं की पोरगं आधी कॅमेराच दाखवतंय. अरे बाबा, आमच्या अण्णांना फोटो नाही काढायचेत, अक्कलकोटच्या आत्याशी बोलायचंय! सिम जिओचं. तिथं टू-जी, थ्री-जी नाहीच, म्हणजे बटणाचा फोनसुद्धा फोर-जी व्होल्टीवालाच, म्हणजे फोर-जीवरूनच कॉल लावणारा हवा. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सगळं चालतंय की ओ, घ्या बिनधास्त!" खोक्यावर 'ड्युअल सिम' ठळक, नेटवर्कचं मात्र बारीक अक्षरात, तेही किमतीच्या स्टिकरखाली. बीएसएनएलवाल्यांचे तर हाल विचारू नका. त्यांचं फोर-जी पकडायला लागणारा ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ (म्हणजे रेडिओलहरींचा पट्टा) फोनमध्ये आहे का म्हटलं, तर पोरगं नुसतं तोंडाकडं बघतंय. बरं, सिम घालून एक कॉल लावून दाखवा म्हणावं, तर "सील फोडलं की घ्यावाच लागेल." मग काय, पत्रिका जुळवून घ्यायचा का फोन?