घासणीचा शॉक

परवा माहेरच्या ग्रुपवर परत ती जुनी क्लिप आली, बंगाली सिरियलमधली, डॉक्टर पेशंटला शॉक देतोय आणि हातात चक्क बाथरूमच्या घासण्या. भाची सांगलीला बीएस्सी नर्सिंग करते, तिने लिहिलं, "मावशी, असलं बघून आम्ही काय शिकणार, तुमच्याकडच्या सिरियल बघा कशा असतात." झालं, सगळे सुरू.

मला विचाराल तर उलट आहे. घासणी बघून लोक हसतात, शिकत कोणी नाही. मी इथे इंग्लंडमध्ये लीड्सला वॉर्डात नर्स आहे, नर्सिंगचे स्टुडंट्स येतात प्लेसमेंटला, म्हणजे वॉर्डात काम शिकायला, आणि त्यांच्या डोक्यात जे घट्ट बसलेलं असतं ते चांगल्या, महागड्या सिरियलमधनंच आलेलं असतं. मॉनिटरवर सरळ रेघ आली की धावले शॉकचं मशीन आणायला. अरे बाबा, सरळ रेघेला शॉक नसतो, छाती दाबायची. आणि दाबतात तरी कशी, कोपरं वाकवून, कारण टीव्हीवर खाली जिवंत नट असतो ना, त्याची छाती खरोखर ५-६ सेंटिमीटर दाबली तर बरगड्या जातील बिचाऱ्याच्या. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 'ईआर' वगैरे हॉस्पिटलच्या सिरियल बघून मोजलं होतं, सीपीआर (म्हणजे हेच छाती दाबणं) दिलेले ७५ टक्के पेशंट तिथल्या तिथे वाचत होते. आमच्या वॉर्डात तसं असतं तर काय हवं होतं.

पण हे एका दुपारी सरावाच्या पुतळ्यावर सुधारता येतं. खरी पंचाईत कुठे होते, तर 'हाऊस'सारख्या डॉक्टरांच्या सिरियलमध्ये रक्त डॉक्टरच काढणार, एमआरआय पण डॉक्टरच करणार, नर्स आपली मागून ट्रे घेऊन जाणार. मग नाइटला एक स्टुडंट मुलगी मला शांतपणे सांगते, सात नंबरच्या आजोबांचा श्वास मिनिटाला २६ झालाय, सकाळी राउंडला सांगू ना? इथल्या चार्टवर २५ झाला की त्या एका आकड्यालाच धोक्याचे ३ मार्क, म्हणजे तातडीने डॉक्टरला बोलवायचं, आणि बोलवायचं कोणी, तर नर्सनेच! तिला वाटत होतं डॉक्टरला आपोआप कळतं.

श्वास मोजायचा सीन मी तरी कुठे बघितला नाही. मिनिटभर नुसतं छातीकडे बघत उभं राहायचं, त्यात ड्रामा तो काय.

ग्रुपवर हे सगळं लिहिलं तर भाचीचा रिप्लाय, "मावशी, इकडे मोजतंय कोण, सगळे २० लिहून टाकतात."

इथे १८ लिहितात.