दाढीचा नियम मास्क ठरवेल, एच.आर.ची आवड नाही

आज शेजारचा मुलगा ऐरोलीला इंटरव्ह्यू देऊन आला. काम डेटाबेसचं, दिवसभर स्क्रीनपुढे बसायचं. टेक्निकल राउंड उत्तम गेला. शेवटी एच.आर.ने सांगितलं, "पुढच्या राउंडला दाढी काढून या, प्रोफेशनल दिसलं पाहिजे." दाढी बारीक राखलेली, गळा नीट साफ केलेला. घरी आल्यावर आई म्हणाली, "काढून टाक रे. दाढी परत येईल, नोकरी नाही येणार." तो काहीच बोलला नाही. मला मात्र राहवत नाहीये.

अरे, आपण ठाण्याची माणसं! आनंद दिघे काय, एकनाथ शिंदे काय, दाढीवाल्यांच्या मागे हा जिल्हा उभा राहिला. शिंदे २०२२ मध्ये मुख्यमंत्री झाले ते दाढीसकट. राज्य चालवताना जी आड आली नाही, ती डेटाबेस सांभाळताना कशी आड येते?

दाढी खरंच आड येते अशी कामं आहेत, आणि ती ऐरोलीपासून लांब नाहीत. रबाळे, पावणे, तुर्भे, पलीकडे तळोजा. सॉल्व्हंट भरणारे, अ‍ॅसिडच्या टाकीवरचे, अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहातले लोक तोंडावर घट्ट बसणारा, कार्ट्रिजचा (म्हणजे विषारी वाफ गाळणाऱ्या डब्यांचा) मास्क लावतात. त्याची रबरी कडा नाकाच्या हाडावरून, गालांवरून, हनुवटीखालून जाते आणि थेट कातडीला टेकली तरच त्याचा उपयोग. मधे केस आले की फट राहते. कार्ट्रिजमधून हवा ओढायला जोर लागतो, फटीतून लागत नाही, म्हणून हवा फटीतूनच येते, विषारी वाफेसकट. त्याला लांब दाढी लागत नाही, दोन दिवसांचे खुंट पुरतात. मिशी मात्र कडेच्या आत राहत असेल आणि व्हॉल्व्हला लागत नसेल तर चालते. प्लांटमधल्या "दाढी बंद, मिशी चालेल" या नियमामागे हे कारण आहे.

तपासायचं कसं? दोन्ही कार्ट्रिजवर तळवे ठेवायचे, श्वास आत ओढायचा आणि दहा सेकंद धरायचा. मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच राहिला पाहिजे. मग श्वास बाहेर जायच्या व्हॉल्व्हवर तळवा ठेवून हळूच फुंकायचं. मास्क किंचित फुगावा, कडेने हवा सुटू नये. दाढीवर मास्क चढवून पट्टे कितीही आवळले तरी हे जमत नाही, नाकावर वळ तेवढे उठतात. पाठीवर हवेचा सिलिंडर असेल तर गळतीने तोही लवकर संपतो. धर्मासाठी दाढी ठेवणाऱ्याला बॅटरीवर हवा पुरवणारं सैल हूड देता येतं. ते महाग पडतं, आणि वायू जिवावर बेतण्याइतका असेल तिथे तेही चालत नाही. खाद्यपदार्थांच्या पॅकिंगला दाढीची जाळी लावली की प्रश्न मिटला.

आता सांगा, शेजारच्या मुलाच्या टेबलावर यातलं काय आहे? कीबोर्ड!

हवाई दलात शीख वगळता दाढीला मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये तो नियम उचलून धरला, हे मान्य. पण तो नियम लेखी आहे. आणि नौदलात परवानगी घेऊन दाढी ठेवता येतेच. हॉटेलच्या काउंटरवर मालकाला गुळगुळीत चेहरा हवा असेल तर तेही एक वेळ समजू शकतं. मग जाहिरातीत तसं छापा ना! माणूस रजा टाकून, भाडं खर्चून आल्यावर सांगायचं?

असो. एच.आर.मधल्या त्या मुलीलाही वरून कुणीतरी सांगितलं असणार. आणि पोरांनो, कुणाला बोट ठेवायला जागा देऊ नका. दाढी ठेवून जाणार असाल तर आदल्या दिवशी ट्रिमरला तीन ते पाच मिलिमीटरचा गार्ड लावा. गळ्याची रेघ कंठाच्या उंचवट्यापासून दोन बोटं वर, त्याखालचं सगळं साफ. रेघ जबड्याच्या हाडापर्यंत चढवू नका, मान हलली की खालची कातडी लोंबल्यासारखी दिसते. ओठावर येणारे मिशीचे केस कात्रीने कापा. तेल दोन थेंब, बस. ठाणे-वाशी लोकलच्या घामात जास्तीचं तेल कॉलरवर उतरतं. कोंडा असेल तर गडद शर्ट नको. बरीच सलून सोमवारी बंद असतात, तेव्हा मंगळवारचा इंटरव्ह्यू असेल तर रविवारीच जाऊन या. श्रावण पाळत असाल तर एका वाक्यात तसं सांगा, सारवासारव करू नका.

आणि काढायचीच ठरली तर त्याच दिवशी सकाळी काढू नका. इतके दिवस झाकलेली कातडी वरच्या गालापेक्षा उजळ दिसते, शिवाय पुरळ येतं. तीन-चार दिवस आधी ट्रिमरने बारीक करा, गरम पाण्याने केस मऊ करा, नवं ब्लेड केस वाढतात त्याच दिशेने फिरवा. उलटा हात मारला की कुरळा केस कातडीत शिरतो आणि फोड येतो.

हे लिहिता लिहिता पुन्हा संताप होतोय. कारण वातानुकूलित ऑफिसात दाढीवर एवढी नजर, आणि कंत्राटी कामगार खुंट वाढलेल्या गालांवर मास्क चढवून टाकीवर जातो तेव्हा त्याला कुणी थांबवत नाही. फिट टेस्ट, म्हणजे मास्क त्या माणसाच्या चेहऱ्याला नीट बसतो का याची चाचणी, निदान वर्षातून एकदा झाली पाहिजे. वजन बरंच घटलं किंवा दात काढले तर पुन्हा. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी गेटवरच गाल बघायला हवेत. कपडे बदलायच्या खोलीत आरसा, गरम पाणी आणि फेकायचे रेझर ठेवायला कंपनीला असा किती खर्च येतो?