सीडी-१०० भंगारात घालण्याआधी

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. कंपनीने बाइक बंद केली की दहा वर्षांत पार्ट संपतात, बाजारात उरतो तो सगळा डुप्लिकेट माल, आणि पंधरा वर्षं झालेली गाडी रस्त्यावर आणणं बेकायदेशीर. म्हणून वेळीच भंगारात घाला. तो वाचून आमच्या गल्लीतल्या एकाने वडिलांची चालू सीडी-१०० बाइक किलोच्या भावाने देऊन टाकली. मला ते फार लागलं.

कारण पार्ट संपल्याची गोष्ट नेमकी त्याच गाडीला सर्वात कमी लागू होते. हिरो होंडाची सीडी-१०० आली १९८५ मध्ये, स्प्लेंडर १९९४ मध्ये. इंजिन मुळात तेच, ९७.२ सीसीचं. स्प्लेंडर तर गावोगाव आहे, त्यामुळे रिंग-पिस्टनपासून क्लच प्लेटपर्यंत बरंच काही तालुक्याच्या दुकानातही मिळतं. फक्त काउंटरवर ‘सीडी-१००चं द्या’ म्हटलं की पोरगा मान हलवतो. त्याच्या यादीत ते नाव नसतं, एवढंच.

ज्या गाड्यांना असा धाकटा भाऊ नाही, त्यांचं काय? तिथे नाव विसरायचं आणि माप सांगायचं. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०४ म्हणजे आतून २० मिमी, बाहेरून ४७, जाडी १४. जगात कुठेही हेच माप. ऑइल सीलवरही मापं छापलेली असतात आणि चेन ४२८ची की ५२०ची ते तिच्या कडीवर लिहिलेलं असतं. हे सगळं बेअरिंगच्या किंवा चेनच्या दुकानात मिळतं, त्याला बाइकचं दुकान लागत नाही. मात्र माप जुळलं म्हणजे काम झालं, असंही समजू नका. क्रँकला, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, बहुधा सी-३ क्लिअरन्सची, म्हणजे आतून जरा जास्त सैल, बेअरिंग लागते. साधी घातली तर इंजिन तापल्यावर ती आवळते. टू-स्ट्रोकचं क्रँक सील उष्णता आणि पेट्रोल दोन्ही सोसणारं हवं. ते हवा खेचू लागलं तर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होऊन पिस्टन जाम होतो, आणि मग दोष जुन्या गाडीला दिला जातो.

डुप्लिकेटचा मुद्दा अर्धा खरा आहे. बनावट माल आहेच, चकचकीत डब्यात आहे. पण कंपनीचा शिक्का नसलेला प्रत्येक पार्ट बनावट नसतो; पिस्टन, चेन, केबल हे बाइक कंपन्या बऱ्याचदा बाहेरूनच घेत आणि ते बनवणारे आपल्या नावानेही विकतात. पारख करायची तर नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजा. पिस्टनचं माप मायक्रोमीटरने घेऊन मगच सिलिंडरचा ब्लॉक बोअरला, म्हणजे आतून कापून मोठा करायला, द्या, आधी नाही. पुण्यात नाना पेठेत दुकानं पालथी घाला, जुन्या बाजारात हाताने चाचपून घ्या. एखादा बुश किंवा शाफ्ट कुठेच नसेल, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना दाखवून लेथवर करून मिळतो.

कायद्याचं म्हणाल तर पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले ते मुख्यतः दिल्ली परिसरासाठी. महाराष्ट्रात खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग आरटीओत तपासणी करून, फी आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते.

काही गोष्टी मात्र खरोखर दुर्मिळ आहेत. जावाचीच भारतीय नावाची बहीण असलेल्या जुन्या टू-स्ट्रोक येझदीचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. तिचं चांगलं क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात बसतो ते इंजिनाचं कवच, शोधायला वर्ष जाऊ शकतं. २०१८ ला जावा परत आली, पण ती फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी. तिच्या इंजिनातलं जुनीला काही बसत नाही. म्हणून तडा गेलेलं क्रँककेससुद्धा फेकू नका. ते वेल्डिंगने जोडता येतं, आणि आरसी बुकात लिहिलेला इंजिन नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो.