पिक्चर आहे ना, मग झालं!

‘लगान’ची जुनी पेटी मी ‘लगान’ पाहण्यासाठी घेतलेली नाही, हे वाक्य मी परवा भर दुकानात, चार माणसांसमोर आणि काहीशा चढ्या आवाजात उच्चारले. तेव्हापासून त्या गल्लीत माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले जाते. वाक्य मात्र शंभर टक्के खरे होते. या चित्रपटाचा तीन तबकड्यांचा संच 2007 साली बाजारात आला होता आणि त्यात चित्रपट व गाणी यांच्या जोडीला सत्यजित भटकळ यांचा ‘चले चलो’ हा चित्रपटनिर्मितीवरचा माहितीपट होता. मला तो हवा होता. पेठेतल्या एका दुकानात, जे पूर्वी सीडी लायब्ररी होते आणि आता मोबाइलची कव्हरे विकते, उरलेल्या तबकड्या खोक्यात ओतून ठेवल्या होत्या. तिथे ही पेटी मिळाली. घरी येऊन उघडली, तर पहिल्या खाचेत चित्रपट, दुसऱ्या खाचेत गाणी आणि तिसऱ्या खाचेत निळ्या मार्करने ‘मुंज – भाग 2’ असे लिहिलेली एक तबकडी निघाली.

मी परत गेलो. गल्ल्यावर मूळ मालकांचा मुलगा होता. त्याने माझे म्हणणे एका कानाने ऐकले, कारण दुसऱ्या कानात काहीतरी वाजत होते.

“काका, पिक्चर चालतोय ना?”

“चालतोय.”

“गाणी?”

“तीही चालतायत.”

“मग प्रॉब्लेम काय आहे?”

या प्रश्नावर मी काही बोलणार, तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, “काय नाहीये म्हणतायत हे?” अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेले एक गृहस्थ तिथे उभे होते. त्यांच्या पिशवीतून अळूची पाने डोकावत होती. ते मोबाइलला काच बसवून घ्यायला आले होते आणि माझ्या तक्रारीमुळे ती काच अर्धी बसून थांबली होती. त्यामुळे या वादात भाग घेण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे त्यांना वाटत असावे.

“बोनसची सीडी नाहीये म्हणतायत,” मुलगा म्हणाला.

“बोनस म्हणजे फुकटच ना? अहो, फुकटचं मिळालं नाही म्हणून भांडताय होय?”

मी शक्य तितक्या संयमाने सांगितले, की ती फुकट नसून किमतीत धरलेली असते, आणि तिच्यात चित्रपट कसा तयार झाला ते दाखवलेले असते.

“तुम्हाला पिक्चर काढायचाय का?”

“नाही.”

“मग त्यांनी कसा काढला याच्याशी तुम्हाला काय करायचंय? श्रीखंड खावं माणसानं. चक्का कुठल्या खुंटीला टांगला होता, ते कशाला विचारायचं?”

यावर दुकानातली दोन मुले हसली. माझा संयम इथे सुटला. मी त्या गृहस्थांना ‘लगान’ जिथे चित्रित झाला, त्या भुजजवळच्या माळरानाची गोष्ट सांगू लागलो. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकरांची पाठ चित्रीकरणाच्या मध्येच निकामी झाली, उभे राहणे अशक्य झाले, तेव्हा मॉनिटरशेजारी खाट टाकून ते आडवे पडले आणि तसेच दिग्दर्शन करत राहिले. चित्रीकरण संपल्यावर काही महिन्यांनी, 26 जानेवारी 2001 रोजी, भुजमध्ये भूकंप झाला. म्हणजे त्या परिसराचे आणि तिथल्या माणसांचे भूकंपाआधीचे रूप चित्रपटाबाहेर कुठे उरले असेल, तर ते याच तबकडीवर आहे. मी हे सगळे बऱ्यापैकी भारावून सांगितले असावे, कारण मुलाने कानातले काढले.

गृहस्थांनी मात्र त्यातले एकच उचलले.

“आडवं पडून काढला?”

“हो.”

“तरीच! पावणेचार तास चालतो तो. उभ्यानं काढला असता, तर लवकर आटपला असता.”

या माणसाशी तर्काने बोलण्यात अर्थ नव्हता. शिवाय एका मुद्द्यावर, न कळत, त्यांनी नेमके बोट ठेवले होते. साऱ्या भानगडीचे मूळ त्या पावणेचार तासांतच आहे. दुहेरी थराच्या डीव्हीडीत साडेआठ गीगाबाइट माहिती मावते. सव्वादोन तासांचा इंग्रजी चित्रपट तेवढ्या जागेत आरामात बसतो आणि दिग्दर्शकाच्या चार गप्पांनाही जागा उरते. आपला चित्रपट गाण्याबजावण्यासह सगळी जागा एकटाच व्यापून बसतो आणि उरलेला ऐवज वेगळ्या तबकडीवर ठेवावा लागतो. वेगळी तबकडी म्हटली की ती हरवते, कुणीतरी उसनी नेते, किंवा तिच्या जागी मुंज येऊन बसते.

अर्थात, आपल्याकडे हा ऐवज मुळात असायचाच किती, हा प्रश्न उरतोच. वेष्टनाच्या पाठीमागे ‘स्पेशल फीचर्स’ या मथळ्याखाली काय काय छापलेले असे, ते आठवून पाहावे. इंटरॅक्टिव्ह मेनू. सीन सिलेक्शन. सबटायटल्स. म्हणजे तबकडी सुरू होते, हेच तिचे वैशिष्ट्य. त्यापलीकडे जाऊन कुणी उदार झालाच, तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या चित्रपटांच्या जाहिराती जोडत असे. आणि या सर्वांच्या आधी ती तंबी. पदरचे पैसे मोजून अस्सल तबकडी घेणाऱ्या माणसाला सुरुवातीलाच ‘चोरी हा गुन्हा आहे’ असे बजावले जाई आणि पुढे ढकलण्याचे बटण दाबले, तर पडद्याच्या कोपऱ्यात मनाईचे चिन्ह उमटे. फुटपाथवरून चोरीची प्रत घेणाऱ्याला मात्र थेट चित्रपट दिसत असे. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढे मोझर बेअर या कंपनीने 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी विकायला काढली. घराघरांत चित्रपट पोचले, याचा मलाही आनंद झाला होता. पण चौतीस रुपयांत दिग्दर्शकाला स्टुडिओत बोलावून, चहा पाजून, तीन तास बोलते करण्याची अपेक्षा कोणत्याही व्यवहारी माणसाने ठेवू नये.

तसे बोलणारे लोक दुसरीकडे होते. 1984 साली अमेरिकेत क्रायटेरियन या संस्थेने ‘किंग काँग’ची लेझर डिस्क, म्हणजे डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी, काढली, तेव्हा तिच्यावर चित्रपटाच्या जोडीला आणखी एक ध्वनिपट्टी ठेवण्याची सोय होती. लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात चित्रपटांचा विभाग सांभाळणारे रोनाल्ड हेव्हर त्या पट्टीवर चित्रपटभर बोलत राहिले. हे दृश्य कसे घेतले, ते माकड किती इंचांचे होते, पडद्यावर जे दिसते त्यातले खरे काय. चित्रपटाच्या शेजारी बसून जाणकाराने बोलत राहण्याची प्रथा तिथून सुरू झाली. त्यानंतर या प्रथेची माती करणारेही पुष्कळ निघाले, हे मान्य आहे. ‘याच्याबरोबर काम करणं म्हणजे पर्वणीच होती’ असे एकमेकांबद्दल दीड तास सांगणारे नट मीही सोसले आहेत. तरीही, सत्यजित रायांच्या अपू-त्रयीच्या, म्हणजे ‘पथेर पांचाली’ आणि त्यापुढच्या दोन चित्रपटांच्या, मूळ निगेटिव्ह 1993 साली लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळल्या आणि पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या कारागिरांनी त्यांच्या कडा हाताने दुरुस्त करून त्या पुन्हा यंत्रातून फिरतील अशा केल्या, हे मला कुठल्याही वर्तमानपत्राने इतक्या जवळून दाखवले नव्हते. ते तबकडीवरच्या ‘बोनस’ने दाखवले. चक्का टांगलेली खुंटी पाहण्यातही सुख असते, एवढेच मला त्या गृहस्थांना सांगायचे होते.

ते सांगण्याची संधी मिळाली नाही, कारण दरम्यान मुलाने मुंजीची तबकडी तपासण्यासाठी गल्ल्यावरच्या छोट्या टीव्हीला जोडलेल्या प्लेअरमध्ये घातली होती. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या अक्षरांत तारीख दिसू लागली. मातृभोजन चालू होते. तुळतुळीत डोक्याचा बटू आईच्या पुढ्यात बसला होता, अष्टवर्गातली मुले पानावरच्या जिलबीकडे पाहत होती आणि कॅमेऱ्यामागून आवाज येत होता, “वहिनी, परत एकदा घास भरवा, मघाशी लाइट गेली होती.” वहिनींनी परत घास भरवला. बटूने मान फिरवली. पुन्हा भरवला.

“बस झाली, मुंजच आहे,” असे म्हणून मुलाने बटणाकडे हात नेला.

“थांबा हो! पुढं ढकलू नका,” गृहस्थ म्हणाले. त्यांनी अळूची पिशवी खाली ठेवली.

त्यानंतरचा बराच काळ त्या दुकानात व्यवहार ठप्प झाला. गृहस्थ त्या मुंजीतल्या एकाही माणसाला ओळखत नव्हते, हे त्यांनी स्वतःच सांगितले. तरीही ते बोलत राहिले. “तो कोपऱ्यात सोवळं नेसून उभाय ना, तो मामा. त्याला कुणी विचारत नाहीये बघा. आणि या बाईंना पैठणी उकडतेय, पण सोडवत नाहीये. भिक्षावळीत लाडू आधी कमी पडणार, लिहून घ्या. बघा, पाठवलं ना कुणाला तरी आत!” कोणते दृश्य कशामुळे पुन्हा घ्यावे लागले, कुठे आवाज नंतर भरला आहे, कोणता पाहुणा केवळ चित्रीकरणापुरता पुढे आला आहे, सगळे त्यांना बिनचूक दिसत होते. रोनाल्ड हेव्हरनंतर इतक्या तन्मयतेने कोणी कॉमेंटरी केली असेल, असे मला वाटत नाही. मी हे त्यांच्या लक्षात आणून देण्याचा प्रयत्न केला. “हे वेगळं,” ते म्हणाले. “हे खरं घडलेलं आहे.”

मी शेवटचा उपाय म्हणून मुलाला विचारले, की इतर पेट्यांतल्या बोनसच्या तबकड्या कुठे असतील. चुकून दुसऱ्या पेटीत गेली असेल, तर मी शोधायला तयार होतो.

“त्या होय? सगळ्या लावून बघितल्या होत्या मी. पिक्चरच नव्हता त्यांच्यात. नुसते लोक खुर्चीत बसून बोलतायत. म्हटलं, खराब निघाल्या. भंगारात घातल्या.”

“किती होत्या?”

“गोणीभर असतील. वीस रुपये कमी करू का तुम्हाला?”

गृहस्थांनी मला ते वीस रुपये घेण्याचा आग्रह केला, सोडू नका म्हणाले. मग दोघांकडे आळीपाळीने पाहत, ती मुंजीची सीडी कुणाला नको असेल तर मी नेऊ का, असे विचारून ती अळूच्या पिशवीत टाकून ते निघून गेले. मोबाइलची काच बसवायची राहिली, हे त्यांच्याही लक्षात नव्हते.

त्या मुलावर मी रागावलेलो नाही. त्याने निदान लावून पाहिल्या होत्या. घरबसल्या चित्रपट दाखवणाऱ्या मोठमोठ्या मंचांनी तेवढेही केलेले नाही. तिथे हजारो चित्रपट आहेत, पण बहुतेकांच्या शेजारी बोलणारा कोणी नाही, वगळलेले दृश्य नाही, खाटेवर पडलेला दिग्दर्शक नाही. एवढेच कशाला, चित्रपट संपून माणसांची नावे वर सरकू लागली, की ती एका कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढी होतात आणि पाच-दहा सेकंदांत दुसराच काहीतरी खून-मारामारीचा प्रकार आपणहून सुरू होतो. ज्यांनी भर उन्हात दिवे उचलले, त्यांची नावे वाचायची असतील तर चष्मा, रिमोट आणि चपळाई तिन्ही लागतात. माझ्याकडे एका वेळी त्यांतल्या दोनच गोष्टी सापडतात.

अशाच एका मंचाला मी परवा तक्रार लिहिली. वर्गणी भरतो, त्याअर्थी विचारायचा हक्क आहे, असे समजून सविस्तर लिहिली. निर्मितीची चित्रफीत, दिग्दर्शकाचे भाष्य, श्रेयनामावली, सगळे मुद्दे क्रमाने मांडले. उत्तर तत्परतेने आले. आपल्या उपकरणावर चित्रपट विनाअडथळा दिसत असल्याचे आमच्या नोंदीवरून आढळले आहे, सबब आपल्या तक्रारीचे निवारण झाले असे समजून ती बंद करण्यात येत आहे, आणि या सेवेला आपण पाचपैकी किती तारे द्याल?